परंड्यातल्या दोन खोल्या

ढवळे सिस्टर रिटायर झाल्या तेव्हा ईट गावच्या दवाखान्यात त्यांचा निरोपसमारंभ झाला. साडी, नारळ, देवीचा फोटो आणि डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची भाषणं. प्रत्येकानं शेवटी तेच सांगितलं, की सिस्टर, लई धावपळ केलीत, आता निवांत घरी बसा. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्या उठल्या, हातातली साडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सगळे म्हणताय घरी बसा. घर कुठं हाय ते मात्र कुणीच सांगना."

आम्ही हसलो. घरी जाऊन बायकोला सांगताना माझ्या ध्यानात आलं, की यात हसण्यासारखं काही नव्हतं. महिनाअखेरीला त्यांना सरकारी क्वार्टर सोडायचं होतं आणि त्यानंतर कुठं जायचं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मी त्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसायचो. समोरच इंजेक्शनची खोली, त्यामुळं सहा वर्षं त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या साडीखाली बारा महिने कापडी बूट. चालायच्या इतक्या झपाझप, की गावात लसीकरणाला निघाल्या की आशाताई मागं पळत असायच्या. लहान पोराला सुई द्यायची असली की विचारायच्या, "तुझ्या घरी कोंबड्या किती रे?" पोरगं बोटं मोजायला लागायचं. तिसऱ्या कोंबडीपर्यंत सुई टोचून निघालेली असायची. एका पोरानं रडत रडत सांगितलं, आमच्यात कोंबड्याच न्हायत. त्या म्हणाल्या, "मग रडतोस कशाला, माझ्यातबी न्हायत."

नोकरीची पहिली वर्षं उमरग्याकडं गेली होती. तिथल्या बायकांकडून त्या कानडी शिकल्या. त्यातलं एकच वाक्य शेवटपर्यंत टिकलं. कुणीही भेटलं की "ऊटा आयता?" म्हणजे जेवलात का. कलेक्टर दवाखाना बघायला आले तेव्हा त्यांनाही हेच विचारलं. ते बिचारे डॉक्टरांकडं बघायला लागले.

त्यांच्या संसाराची गोष्ट त्यांनी स्वतः मला तीन वाक्यांत सांगितली होती. लग्न झालं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. वडलांनी नर्सिंगला घातलं. त्यावर चौथं वाक्य कधी आलं नाही. कपाळाला कुंकू मात्र ठसठशीत असायचं. माझ्या बायकोनं एकदा भीतभीत विचारलं, तर म्हणाल्या, "कुंकू असलं की भाड्याची खोली लवकर मिळती. नवऱ्याचं काय न्हाय त्यात."

आणि खोल्या त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या. उमरगा, लोहारा, तेरखेडा, भूम, ईट. कधी क्वार्टर, कधी भाड्यानं. कुठल्याच भिंतीत त्यांनी स्वतः खिळा ठोकला नव्हता. आधीच्या माणसाच्या खिळ्यालाच कॅलेंडर अडकवायच्या, मग ते कितीही वर असो.

समारंभानंतरच्या रविवारी त्या आमच्या भूमच्या घरी आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मला घर घ्यायचंय. लहान. जेवढे पैसे आलेत तेवढ्यात बसणारं. कर्ज न्हाय, कुणाचं उपकार न्हाय. तुम्ही फक्त संगं यायचं."

"मला घरातलं काय कळतंय सिस्टर?"

"कळायची गरज न्हाय. बाप्या माणूस उभा असला की मालक नीट बोलतो. तुम्ही उभं राहा. बोलायचं काम मी करते."

त्यांचा भाऊ कळंबकडच्या खेड्यात असायचा. चांगली शेती, चांगली माणसं. तो दोनदा येऊन गेला होता. रानात आपल्याच विहिरीजवळ दोन खोल्या काढू, म्हणत होता. पुतण्याचं म्हणणं वेगळं. आत्यानं पुण्यात फ्लॅट घ्यावा, पुढंमागं पोरांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल. सिस्टर पुतण्याला म्हणाल्या, "पुण्यात माझ्या पैशात न्हाणी येईल, बाळा. मी काय न्हाणीत झोपू?" भावाला मात्र त्यांनी खरं सांगितलं. "दादा, तुझ्या रानात बांधलं तर ते तुझंच घर. मी तिथं मरेपर्यंत पाहुणी." भाऊ उठला आणि चहा न पिता गेला. नंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही.

मग आमचे रविवार सुरू झाले. माझी जुनी गाडी, मागच्या सीटवर त्यांची भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. बीपी मोजायचं मशीन तर कायम त्यांच्या पिशवीतच असायचं.

तेरखेड्यात त्यांना घर जवळजवळ ठेवलेलंच होतं. तिथं फटाक्याची कामं. दिवाळीच्या आधी हात भाजलेल्या बाया यायच्या, आणि सिस्टर तिथं असताना जुन्या सुती साड्या धुऊन, फाडून, घड्या करून कपाटभर ठेवायच्या. ते लोक विसरले नव्हते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं स्वतःच्या घराशेजारची जागा स्वस्तात द्यायची तयारी दाखवली. आम्ही तिच्या ओसरीवर चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात लांब कुठंतरी ट्रकचं टायर फुटलं. कुणी वळूनही बघितलं नाही. सिस्टर मात्र उठून अंगणात गेल्या होत्या, हातात पिशवी घेऊन. परत आल्या तेव्हा कपाळावर घाम होता. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "इथं माझं मन लागंल भाऊ, पण जीव ठिकाणावर राहायचा न्हाय. आवाज झाला की मी धावणार. ड्यूटी संपली हे पायांना कोण सांगणार?"

धाराशिवला नवीन अपार्टमेंटमध्ये एक फ्लॅट बघितला. दाखवणारा तरुण होता, इस्त्रीचा शर्ट. तो सगळं माझ्याकडं बघून सांगत होता. स्वयंपाकघराचा ओटासुद्धा त्यानं मलाच दाखवला. शेवटी सिस्टरांकडं वळून म्हणाला, "मिस्टर कधी येणार बघायला?"

"ते बघून गेले," सिस्टर म्हणाल्या.

"कधी? मला आठवत न्हाय."

"तीस वर्षं झाली. त्यांना मीच पसंत पडले न्हाय, तुमचा फ्लॅट काय पडणार."

पोरगा पाठ फिरवून खिडकी उघडायला लागला. ती आधीच उघडी होती.

त्यानंतर सिस्टरांनी जे केलं ते मी पुढं प्रत्येक ठिकाणी बघितलं. त्या जिना उतरायच्या ऐवजी समोरच्या दाराशी गेल्या आणि बेल दाबली. आतलं लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंदच राहिलं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, प्यायला जरा पाणी देता का?" आतल्या बाईनं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. फिल्टर बिघडलाय म्हणाली आणि दार लावून घेतलं. वरच्या मजल्यावरही तसंच झालं.

परतीच्या रस्त्यावर मी विचारलं, की पाणी तर तुमच्या बाटलीत होतं. तेव्हा त्यांनी भूमची गोष्ट सांगितली. सहा वर्षांत ती माझ्या कानावर कधीच आली नव्हती.

भूमला त्या भाड्यानं राहायच्या तिथं शेजारच्या खोलीत एक रिटायर मास्तर होते. एकटे. सकाळी दोघांची जाताजाता गाठ पडायची, ऊटा आयता, बस एवढंच. "एकदा त्यांच्या दाराला पेपर अडकवलेला दिसला," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दोन झाले. मला वाटलं गावाला गेले आसतील. कॅम्प चालू होता, मी लशीचा डबा घेऊन पळत होते. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी वास आला." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "मी नर्स, भाऊ. आणि भिंतीच्या पलीकडं होते."

मी गाडी जरा हळू केली.

"म्हणून पाणी मागते. घर कसंबी चालंल. पत्र्याचं चालंल. शेजारचं दार उघडतंय का, तेवढं बघायचं."

तुळजापूरवर त्यांचा फार जीव होता. देवीचं गाव, बारमाही माणसांचा राबता, तिथं एकटं कसं वाटेल? त्यांनी आठ दिवस खोली घेऊन राहून बघायचं ठरवलं. घर घेण्याआधी गावात आठ दिवस राहून बघणारी दुसरी बाई मी बघितली नाही. आठ दिवसांनी मी आणायला गेलो तर पिशवी भरून खालच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी कुंकू-परडीचं दुकान होतं. आम्ही निघताना दुकानदार हसून म्हणाला, "कुठून आलात ताई?"

गाडीत सिस्टर म्हणाल्या, "ऐकलं? रोज सकाळी मी त्याच्यासमोरून दर्शनाला जात होते. रोज हेच विचारतो. आज आठवा दिवस." रागानं नाही, नवल वाटल्यासारखं सांगत होत्या. "त्याची तरी काय चूक? इथं रोज हजारो माणसं येत्यात. त्यानं कुणाकुणाचं तोंड ध्यानात ठेवायचं?"

क्वार्टर सुटलं होतं. त्यांचं सामान आमच्या गच्चीवरच्या खोलीत होतं आणि त्या पण. बायकोनं त्यांना मनापासून ठेवून घेतलं होतं, पण त्या सकाळी आमच्या आधी उठून स्वतःची भांडी धुऊन ठेवायच्या आणि सगळ्यांच्या चपला ओळीत लावायच्या. ते बघून मला कसंतरी व्हायचं.

परंड्याचं घर माझ्या मेहुण्यानं सुचवलं. मालक पुण्याला गेलेला, दोन खोल्या, वर पत्रा, मागं बोळकांडीएवढं अंगण. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. गल्ली एवढी अरुंद की गाडी आत जात नव्हती. त्यामुळंच ते सिस्टरांच्या पैशात बसत होतं. एप्रिलचं ऊन होतं. मेहुणा किल्ली आणायला गेला आणि सिस्टर नेहमीप्रमाणं शेजारच्या दाराशी. पण दार वाजवायच्या आधीच आतून आवाज आला, "कौन है? धूप में कायको खडे, अंदर आव."

रशीदाबी. सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, जमिनीवर पाय पसरून गोधडी शिवत बसलेली. तिला उठवत नव्हतं म्हणून दार दिवसभर उघडंच असायचं. तिनं सिस्टरांना माठ दाखवला. "ले लो बाई, अपने हाथ से. गूळबी है डब्यात." सिस्टरांनी पाणी घेतलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बसल्या. मग रशीदाबीनं विचारायला सुरुवात केली. कोण, कुठली, नवरा, मुलंबाळं, भाऊ, भावजय कशी. मला वाटलं सिस्टर चिडतील. पण त्या एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर देत होत्या. तीन वाक्यांतली गोष्ट तिथं पंधरा मिनिटं चालली.

शेवटी रशीदाबीनं सुई थांबवून विचारलं, "अकेले को डर लगता?"

"लगता," सिस्टर म्हणाल्या.

सहा वर्षांत मी त्यांना भीती वाटते असं ऐकलं नव्हतं.

बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊ, हेच घ्यायचं."

"अजून आतून बघितलं न्हाय सिस्टर."

"आत काय असतंय? भिंतीच असत्यात."

खरेदीखतावर त्यांनी सही केली तेव्हा मी शेजारी होतो. सावकाश, पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट. ठसा दिलेला अंगठा त्यांनी लगेच पुसला नाही. रुमाल हातात धरून तशाच बाहेर आल्या. त्याच संध्याकाळी मेहुण्याकडून हातोडी मागून नवीन घरात पहिला खिळा ठोकला. कॅलेंडरसाठी. अगदी डोळ्यांच्या उंचीवर.

ते पुढचं वर्ष त्यांचं चांगलं गेलं. फोन यायचे. पाण्याच्या दिवशी आम्ही दोघी मिळून भरतो, रशीदाबीच्या गुडघ्याला मीच शेकते, तिनं मला गोधडी शिकवायला घेतलीय पण माझा टाका बघून हसती. रमजानमध्ये रशीदाबीला दुपारी तहान लागू नये म्हणून सिस्टरच तिच्यासमोर पाणी पीत नव्हत्या. भाऊही एकदा आला. ज्वारीचं पोतं घेऊन आला, दोन खोल्या उभ्यानं बघितल्या, पत्र्याकडं बघून "तापत असंल" म्हणाला आणि रशीदाबीशी मात्र तासभर पिकापाण्याचं बोलत बसला.

मग एके दिवशी फोन आला. "रशीदाबीला पोरानं सोलापूरला नेलं. ऑपरेशन करायचं म्हणतोय. आता तिकडंच ठेवणार." मग लगेच, "चांगलंच केलं त्यानं," त्या म्हणाल्या. "पोरानं करायलाच पायजे."

जाताना रशीदाबी घराची किल्ली सिस्टरांकडं देऊन गेली. सिस्टर दर शुक्रवारी ते घर उघडून झाडून काढायच्या. गूळ मुंग्यांनी खाऊ नये म्हणून डबा आपल्याकडं आणून ठेवला होता.

यंदाच्या थंडीत मी परंड्याला गेलो. मेहुण्याकडं काम होतं, पण खरं तर त्यांनाच भेटायचं होतं. सकाळची वेळ. त्या बाहेरच निघाल्या होत्या. कापडी बूट, खांद्याला पिशवी. म्हणाल्या, "चला संगं, राउंड करून येऊ. मग चहा."

गल्लीतली पाच घरं. प्रत्येक दाराशी थांबायचं, म्हाताऱ्या माणसाचं बीपी बघायचं, जेवण-झोप विचारायची, पुढं जायचं. लोक त्यांना मान देत होते, पण थोडे कंटाळलेही होते. एक रिटायर तलाठी होते, ते बाही वर करता करता म्हणाले, "सिस्टर, कालच तर बघितलं की. एका दिवसात काय होतंय?"

"कालचं काल. आजचं आज," सिस्टर म्हणाल्या आणि पट्टा गुंडाळला.

दोन दारांवर फक्त आतून आवाज आला, बरं हाय, बरं हाय. त्या तेवढ्यावरही थांबल्या नाहीत. दार उघडून समोर माणूस येईपर्यंत उभ्या राहिल्या. रशीदाबीच्या कुलपासमोरून मात्र न थांबता आल्या.

चहा पिताना मी म्हणालो, "सिस्टर, रिटायर झाल्यावरही सेवा सुटली न्हाय तुमची. गल्लीचं नशीब."

त्यांनी कप खाली ठेवला. "सगळे तेच म्हणतेत. सेवा." बाहेरच्या दाराकडं एकदा बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "तुम्हाला सांगते भाऊ. मी त्यांना बघायला जात न्हाय. त्यांनी मला बघावं म्हणून जाते. रोज नऊच्या आत पाच माणसांनी मला उभं बघितलेलं असतंय. एखाद्या दिवशी न्हाय दिसले तर पाचातलं एक तर म्हणंल, आज बाई आल्या न्हायत."

मी विचारलं, "गाव चुकलं असं वाटतं का?"

"गाव न्हाय चुकलं. माणूस गेलं." मग कप उचलत, "आता दुसऱ्या गावाला जाऊन परत पाणी मागायचं का? माझ्यानं न्हाय होत आता."

मी आमच्याकडं चार दिवस चला म्हणालो. येते, उन्हाळ्यात येते, म्हणाल्या. दोघांनाही ठाऊक होतं की येणार नाहीत. त्यांना गल्लीतली एक सकाळसुद्धा चुकवायची नव्हती.

माझी गाडी त्या वेळी दुरुस्तीला टाकलेली होती, मी बसनं आलो होतो. त्या नको नको म्हणत असताना स्टँडपर्यंत पोचवायला आल्या. भूमची गाडी लागली. मी खिडकीशी बसलो. त्या खाली उभ्या राहिल्या, बायकोसाठी दिलेली चटणीची पुडी सांभाळून न्या म्हणाल्या आणि कंडक्टर चढताना दिसताच हात हलवून वळल्या. मला वाटलं, घरी निघाल्या.

ड्रायव्हर अजून खाली होता. मी सहज बघितलं तर सिस्टर फाटकाकडं गेलेल्या नव्हत्या. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर एका अनोळखी बाईशेजारी बसल्या होत्या. त्या बाईच्या मांडीवर पोर झोपलेलं. सिस्टरांनी तिला काहीतरी विचारलं, ती हसली, पोराच्या तोंडावरचा पदर बाजूला करून दाखवला. सिस्टर वाकून बघत होत्या. दोघी बोलायला लागल्या. सिस्टर हात हलवून काहीतरी सांगत होत्या आणि ती मान डोलवत होती.

तेवढ्यात बार्शीची गाडी आली. बाई गडबडीनं उठली, पोर खांद्यावर टाकलं, पिशवी उचलली आणि गर्दीत शिरली. सिस्टर तिला चढताना बघत राहिल्या. बाकावरची जागा मोकळी झाली. त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली, ती जागा हातानं जराशी झाडली, आणि येणाऱ्या माणसांकडं बघत बसल्या.

आमची गाडी वळली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या.